माणसाचा दोर

प्रमाणपत्र नसेल तर छपरावर पाय ठेवायचा नाही, असा नियम त्या उन्हाळ्यात आला आणि मिस्त्रीच्या घरातलं उरलंसुरलं कामही बंद पडलं. उरलंसुरलंच म्हणायचं, कारण मिस्त्री स्वतः मागच्याच उन्हाळ्यात गेला होता. कोंबड्यांच्या शेडवर सोलरची पॅनेलं चढवताना पत्र्यावरून खाली आला आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपला. तेव्हापासून धाकटा भाऊ एकटाच, कुठे विहिरीवरच्या पंपाची वायर जोड, कुठे पॅनेल धुऊन दे, असं करून घर ओढत होता. आता तेही गेलं. वीज कंपनीच्या खिडकीवरचा माणूस मान वर न करता विचारायचा, "बसवणाऱ्याचा नंबर?" नंबर नाही म्हटलं की जोडणी नाही. आणि जोडणी मिळणार नसेल तर गिऱ्हाईक असल्या मिस्त्रीला दारात तरी कशाला उभं करील?

"वहिनी, तुम्हीपण नाव घाला," धाकटा एका सकाळी म्हणाला. अंगणात बसून तो नट आवळायचे पाने पुसत होता. काम असो नसो, पाने तो रोज पुसायचा.

मिस्त्रीची बायको कपडे वाळत घालत होती. "मी? कशात?"

"परीक्षेत. जोडीने असते ती. एक वर, एक खाली. मला परका माणूस दिला तर तो माझं वाटोळं करील. शिवाय लेखी पेपर आहे. माझं आणि पेपरचं किती सख्य आहे ते तुम्हाला माहीत आहे."

"मी कधी छपरावर चढले नाही, भावजी."

"वायरी कोण सोलायचं? टोकं कोण बसवायचं? दादा अर्धं काम घरीच तर करवून घ्यायचा तुमच्याकडून. चढायचं काय, शिकवतात तिथे. दोघांतला एक जरी पास झाला ना, त्याच्या नंबरावर दुसऱ्याला काम करता येतं. दोघंही राहिलो तर मग मात्र कठीण आहे."

कठीण म्हणजे काय ते तिला कळत होतं. मुलीची शाळा सुटणार, धाकटा कुठेतरी लांब विटांच्या भट्टीवर जाणार आणि ती दुसऱ्याच्या शेतात निंदायला. घर म्हणून जे काही उरलं होतं ते असं वाटून जाणार.

सासू उंबऱ्यात बसून ऐकत होती. "एक त्या पत्र्याने खाल्ला," ती म्हणाली, "आता सुनेलाही घाला." मग तिचं रोजचं सुरू झालं. "साऱ्या मुलखाची ओझी वर चढवली माझ्या लेकाने, आणि स्वतःच्या कमरेची गाठ तेवढी धड मारता आली नाही. गाठ सुटते म्हणजे काय रे? हातात काय लोणी होतं?"

धाकटा पाना पुसत राहिला. गाठ सुटली हे त्यानेच सांगितलं होतं, त्या दिवशी दवाखान्याच्या दारात. दादाने कमरेला दोर बांधला होता, पण गाठ सुटली. घरात तेच चालत आलं होतं.

सुनेने ओली चादर दोरीवर टाकली. ज्या दोरीवर ती कपडे घालत होती ती मिस्त्रीनेच बांधलेली. खांबाला मारलेली त्याची गाठ पावसात भिजली, उन्हात वाळली, ओल्या चादरींचं वजन झेलत तशीच राहिली. एकदा दोरी बदलावी म्हणून तिने ती सोडवायला घेतली होती, तर नखं दुखायला लागली. शेवटी नाद सोडला. सासू गाठीचं बोलू लागली की तिची नजर त्या खांबाकडे जायची आणि परत यायची, एवढंच. त्यापुढे डोकं चालायचं नाही. वर्षभर तिचं असंच होतं. चुलीपाशी चटका बसला तरी हात मागे यायला उशीर व्हायचा.

"घालते नाव," ती म्हणाली आणि पुढचं कापड झटकलं.

प्रशिक्षण बाजाराच्या गावी होतं, एका जुन्या गोदामात. धाकट्याच्या मोटरसायकलवर मागे बसून ती रोज जायची. अंगात मिस्त्रीचा शर्ट आणि मिस्त्रीचीच पँट, पाय दुमडून वर केलेले आणि कमरेला नाडीने आवळलेली. साडी नेसून पत्र्यावर चढता येत नाही हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पँटच्या खिशात एक नट निघाला. तो तिने परत खिशातच टाकला.

शिकवणारा मास्तर एका पायाने लंगडत होता. कुठून पडला, कसा पडला, ते तो सांगत नसे, पण त्याचा पाय बघूनच निम्मा वर्ग गप्प बसायचा. बाकीच्या निम्म्यात एक गॅरेजवाला होता, पोट सुटलेला, तोंडाने मोकळा. पत्र्यावर काम करताना घालायचा पट्टा मास्तरने सगळ्यांना बांधायला लावला. खांद्यावरून एक, कमरेला एक आणि मांड्यांमधून दोन. मांड्यांमधले पट्टे ती ओढू लागली तेव्हा मागून कुणीतरी खिदळलं. तिचे हात तेवढ्यापुरते थांबले. पट्टा होताच पुरुषांच्या मापाचा. ओढून ओढून संपला तरी तिच्या अंगावर लोंबत राहिला.

"मास्तर," गॅरेजवाला म्हणाला, "माझ्या पोटाला पुरत नाही आणि ताईंच्या कमरेला उरतोय. आम्हा दोघांना मधोमध कापून द्या, म्हणजे भांडण मिटलं."

सगळे हसले. तिचा चेहराही हसला. मग गॅरेजवाल्यानेच एक मोळा आणून पट्ट्याला जास्तीचं भोक पाडून दिलं, कुणी न सांगता.

मास्तरने दोन दोर टेबलावर टाकले. "हा लाल, माणसाचा. हा पांढरा, मालाचा. लालने माल ओढायचा नाही, पांढऱ्याने माणूस बांधायचा नाही. पॅनेल वर जाण्याआधी माणूस बांधलेला पाहिजे. काय?"

"आणि दोर एकच असला तर?" गॅरेजवाल्याने विचारलं.

"तर चहा प्यायला जायचं," मास्तर म्हणाला.

पुन्हा हशा झाला. तिने सहज शेजारी पाहिलं. धाकटा हसत नव्हता. टेबलावरच्या दोरांकडेही बघत नव्हता. आपल्या तळहाताकडे बघत होता.

चहाच्या सुट्टीत दोघं टपरीबाहेरच्या झाडाखाली उभी राहिली. ऊन असं पडलं होतं की रस्त्याकडे डोळे उघडे ठेवून बघवत नव्हतं.

"भावजी, त्या दिवशी दोर कुठला होता?"

"कुठल्या दिवशी?" तो म्हणाला, पण त्याला कळलं होतं.

ती चहा फुंकत राहिली.

"आपल्याकडे एकच होता, वहिनी. तो निळा. जुना."

"मग पॅनेल कशाने ओढत होता?"

ग्लासात अर्धा चहा होता तो त्याने मातीत ओतला. मग नळावर गेला आणि ग्लास धुवायला लागला. टपरीवाला आपले ग्लास आपण धुतो, गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. तरी तो नळाखाली ग्लास धरून चोळत बसला. टपरीवाल्याने शेवटी हाक मारली, "अहो, झिजेल तो."

तिने उरलेला चहा संपवला. एकच दोर. आणि पॅनेल तर वर चढत होतं, मिस्त्रीने ते घ्यायला हात पुढे केला तेव्हाच तो पडला, हे शेडवाल्यानेही सांगितलं होतं. म्हणजे दोर पॅनेलला होता. मिस्त्रीच्या कमरेला काहीच नव्हतं. सुटायला गाठच नव्हती तिथे.

परत जाताना ती मोटरसायकलवर मागे सरकून बसली आणि धाकट्याच्या खांद्याऐवजी मागची लोखंडी दांडी धरली. त्याच्या लक्षात आलं असावं. खड्डे चुकवत तो फार हळू चालवत होता. वाटेत तिने भाजी घेतली. घरी येऊन चूल पेटवली, मुलीची वेणी घातली, सासूचे पाय चेपले. तिला वाटत होतं, आता राग येईल. भांडी घासताना येईल, अंथरूण घालताना येईल. राग काही आला नाही. हातपाय चालत होते आणि ती त्यांच्या मागे मागे जात होती.

आणि भांडण काढून करायचं काय? जोडी मोडली की परीक्षा गेली. परीक्षा गेली की घर गेलं. माणूस तर आधीच गेला होता. ती गप्प बसली.

मग दोघांनी घरच्या गोठ्यावर सराव सुरू केला. गोठ्याचा पत्रा बुटका होता, शिडीच्या चार पायऱ्या चढलं की हाताला लागायचा, पण दुपारी तापून असा व्हायचा की गुडघा टेकवत नसे. पत्र्यावर चालायचं ते नट दिसतात त्या रेघेवरून. नटाखाली लोखंडाचा आडवा बार असतो. मधे पाय पडला की पत्रा खचतो. ती पाय टाकायची, थांबायची, दुसरा टाकायची. खालून धाकटा सांगायचा, "डावीकडे, वहिनी. आणखी डावीकडे. हां." त्याने कुणाकडून तरी दुसरा दोर मागून आणला होता. तिचा दोर तो इतका ताणून धरायचा की तिला वाकता येत नसे.

"अहो, श्वास तरी घेऊ द्या," ती एकदा म्हणाली.

त्याने दोर सैल केला आणि लगेच परत ताणला.

तिच्या तळहातांना फोड आले, फुटले, परत आले. मांड्यांच्या आतली कातडी पट्ट्यांनी सोलवटली. रात्री तेल लावताना मुलगी विचारायची, "दुखतं का गं?" ती म्हणायची, "दुखत असेल." धाकटा आता घरात जेवायला सगळ्यांबरोबर बसत नव्हता. काही ना काही कारण काढून उशिरा यायचा आणि ताट घेऊन गोठ्याच्या बाजूला बसायचा. सासूला वाटलं, परीक्षेची धास्ती घेतली पोराने. "बांध रे बाबा, तू तरी नीट गाठ बांध," ती त्याला म्हणायची, आणि त्याचा घास तोंडातच फिरत राहायचा.

लेखी पेपर झाला. धाकटा काठावर का होईना, निघाला. मग छपरावरच्या परीक्षेचा दिवस आला.

गोदामाच्या मागे उताराचं पत्र्याचं छप्पर मुद्दाम उभारलेलं होतं, दोन पुरुष उंचीचं. एकेका जोडीला मागे बोलवायचे. झालेली जोडी दुसऱ्याच फाटकाने बाहेर जायची, म्हणजे आत काय विचारतात ते पुढच्याला कळू नये. परीक्षक एक बाई होत्या. डोक्यावर रुमाल, हातात फळी आणि चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही.

"हे शेतकऱ्याचं छप्पर समजा," बाई म्हणाल्या. "एक पॅनेल राहिलंय. ढग आलेत, मालक घाई करतोय, वीज कंपनीचा माणूस फाटकात उभा आहे. सामान तिथे ठेवलंय. चढवा."

सामानात शिडी होती, शिडीच्या टोकाला कप्पी लावलेली होती, पट्टे होते, पाने होते. दोर एकच होता, लाल.

ती पट्टा बांधून वर गेली. नटांच्या रेघेवर उभी राहिली आणि पट्ट्याचा आकडा हातात घेऊन वाट बघू लागली. आकडा अडकवायला दोर हवा होता. तिने खाली पाहिलं.

धाकटा लाल दोराकडे बघत क्षणभर उभा राहिला. मग त्याचे हात कामाला लागले. दोर पॅनेलच्या चौकटीतून गेला, दोन वेढे, टोक आतून, वर ओढून आवळ. ही गाठ त्याला मिस्त्रीनेच शिकवलेली. अंगणातल्या खांबाला हीच गाठ होती. हात चालत होते आणि बघून कळत होतं की हातांना कुणी काही विचारलेलं नाही. पॅनेल फुटलं तर भरून द्यावं लागतं, माणूस आपला तोल आपण सांभाळतो. दोघा भावांनी इतकी वर्षं असंच काम केलं होतं. सगळेच करत होते.

पॅनेल जमिनीवरून सुटलं आणि हलत हलत वर येऊ लागलं.

"धरा वहिनी," धाकटा खालून म्हणाला.

ते घ्यायला तिला कडेपर्यंत जाऊन वाकावं लागणार होतं, हातात मोकळा आकडा घेऊन. वाऱ्याची एक झुळूक आली. पॅनेल फिरलं आणि शिडीवर आपटलं. धाकट्याने दोन्ही हातांनी दोर धरला, टाचा मातीत रोवल्या, दात आवळले. त्याचे डोळे पॅनेलवर होते. तिच्यावर नव्हते. त्या दिवशीही असेच असतील, तिला वाटलं.

ती नटांच्या रेघेवर खाली बसली. पाय जवळ घेतले.

"खाली घ्या ते," ती म्हणाली.

"आलंच की वहिनी, एवढं धरा!"

"मी धरत नाही."

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "मालक खोळंबलाय."

"दोर एकच आहे."

"आहे त्यात करायचं. सगळे करतात."

मास्तरचं चहाचं बोलणं तिला आठवलं, पण ते त्याने हसण्यावारी सांगितलं होतं. काम करायचं नाही म्हणून कुणी परीक्षेत पास करतं, असं तिने बापजन्मात ऐकलं नव्हतं. मुलगी डोळ्यांपुढे आली. विटांची भट्टी आली. तरी ती उठली नाही.

"आमचा माणूस असाच गेला," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. "मी करत नाही. करा नापास."

खाली धाकटा दोर धरून तसाच उभा राहिला. मग त्याने पॅनेल हळूहळू खाली घेतलं. इतकं जपून की कोपरा जमिनीला टेकताना आवाजसुद्धा झाला नाही.

"आता तो दोर सोडवा आणि मला वर द्या. मी बांधून घेऊन उतरते."

तो गाठीपाशी उकिडवा बसला. आधी बोटांनी, मग नखांनी, मग स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून तो ती गाठ उकलायला लागला. पॅनेलच्या वजनाने ती आणखी आवळली होती. घाम त्याच्या नाकावरून पॅनेलच्या काचेवर पडत होता. बाई फळी छातीशी धरून बघत होत्या.

"सुटत नाही, वहिनी," तो शेवटी म्हणाला. वर न बघता.

"हो," ती म्हणाली. "ती सुटत नाही."

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि दोन्ही हातांत तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. ती पत्र्यावर बसून राहिली. पत्रा पोळत होता, आणि तो पोळतोय हे तिला नीट कळत होतं.

संध्याकाळच्या आत निकाल लागला. ती पास होती. धाकटा नापास.

"तो दोर मुद्दामच एक ठेवला होता," लंगडा मास्तर तिला बाजूला घेऊन म्हणाला. "काम थांबवतो तो पास. माल आधी बांधतो तो नापास. तीच परीक्षा आहे, बाकी नट काय, कुणीही आवळतो." धाकट्याला तो म्हणाला, "पुढच्या खेपेला ये." धाकट्याने मान हलवली.

फाटकाशी गॅरेजवाला भेटला. तोही पास. "मी काय केलं माहीत आहे?" तो म्हणाला. "दोर एकच दिसल्याबरोबर सरळ बाईंना विचारलं, इथे चहा कुठे चांगला मिळतो? मास्तरने सांगितलं होतं ना! बाई हसल्या नाहीत हो, पण लिहिलं काहीतरी." मग दोघांचे चेहरे बघून तो गप्प झाला आणि आपल्या वाटेने गेला.

मोटरसायकल गावाजवळ आली तेव्हा ती मागून म्हणाली, "आईंना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

"आईला सोसेल का, वहिनी?"

"रोज त्याच्या गाठीचा उद्धार करतात त्या. ते तुम्हाला सोसतं का?"

त्याने घरासमोर गाडी लावली आणि हात न धुता आत गेला.

सासू तांदूळ निवडत होती. तो तिच्यासमोर मातीवरच बसला.

"आई, दादाची गाठ सुटली नव्हती."

सासूने मान वर केली.

"दादाला बांधलंच नव्हतं. दोर एकच होता, तो पॅनेलला होता आणि दुसरं टोक माझ्या हातात. वारा आला. दादा घ्यायला वाकला आणि त्याचा पाय गेला. मी..." तो थांबला. "मी दोर धरूनच राहिलो, आई. दादा माझ्या शेजारी येऊन पडला तरी मी दोर धरून उभा होतो. आधी पॅनेल खाली घेतलं, मग त्याच्याकडे गेलो."

सून दारात उभी होती. सासूची बोटं तांदळात तशीच राहिली होती.

"ती काच फुटली का?" सासूने विचारलं.

"नाही."

"कुठे आहे?"

"शेडवरच. नंतर मीच बसवली. कडेची."

"चालते?"

"चालते."

सासू पुन्हा तांदूळ निवडायला लागली. एक खडा काढला, बाजूला टाकला. आणखी एक काढला. "त्याला गाठ चांगली यायची," ती म्हणाली. "एवढासा होता तेव्हा वासरू बांधायचा. ते माझ्याच्याने सुटायचं नाही. कोयता घ्यावा लागायचा." त्या संध्याकाळी ती जेवली नाही. धाकट्याशी पुढे बरेच दिवस बोललीही नाही. त्याचं ताट मात्र सगळ्यांच्या ओळीत मांडायला लावायची आणि तो गोठ्याकडे निघाला की म्हणायची, "तिकडे कुठे?"

उन्हाळा सरत आला तसं नंबराच्या जोरावर काम यायला लागलं. आधी एक पंप, मग एका दुकानाचं छप्पर. आणि एक दिवस कोंबड्यांच्या शेडवाल्याचा निरोप आला. आणखी पॅनेलं बसवायची होती. धाकटा म्हणाला, "नको म्हणून सांगू का?" ती म्हणाली, "कशाला? छपराने काय केलंय?"

शेडवाला दारात उभा होता. तिच्या अंगातली पँट बघून त्याला कुठे बघावं ते कळेना. "वर कोण चढणार?" त्याने धाकट्याला विचारलं.

"नंबर कुणाचा आहे?" तीच म्हणाली.

"तुमचा."

"मग मीच चढणार."

कोंबड्यांच्या विष्ठेचा उग्र वास सगळीकडे भरला होता. वारा सुटला होता, पत्रे मधूनच धडधडत होते. धाकट्याने नवीन पॅनेल भिंतीला टेकून उभं केलं आणि त्याला पांढरा दोर बांधला. वरच्या लोखंडातून आधीच ओवून घेतलेल्या लाल दोराचं एक टोक तिने पट्ट्याच्या आकड्यात अडकवलं, दुसरं त्याच्यापुढे धरलं. तो ते हातात घेईना.

"माझ्याच हातात देताय, वहिनी?"

"दुसरं आहे कोण?"

त्याने दोर घेतला. ती चढली. पत्र्यावर, नटांच्या रेघेने, एक पाऊल, मग दुसरं. कडेचं पॅनेल तिने लांबूनच ओळखलं. त्यावर धूळ बसली होती, दोन पिसं चिकटली होती. ती गुडघ्यावर बसली, खांद्यावरचा फडका काढला आणि पुसलं. काच अख्खी होती. एक ओरखडा नव्हता. चांगलं होतं पॅनेल. तिने चारही कोपरे पुसले.

वाऱ्याचा जोर एकदम वाढला. पत्रा खालून उचलल्यासारखा झाला आणि ती हातांवर आली. त्याच क्षणी कमरेला दोराचा ओढा बसला, घट्ट. खाली काहीतरी मोठ्याने आपटलं. शेडमधल्या कोंबड्या एकदम कलकलल्या आणि शेडवाला "अरे अरे अरे" करत धावला.

तिने सावरून कडेवरून खाली पाहिलं. भिंतीला टेकवलेलं पॅनेल तिथे नव्हतं. धाकटा दोन्ही हातांनी लाल दोर धरून, टाचा रोवून उभा होता. मान वर, डोळे तिच्यावर.

"भावजी, फुटलं का ते?"

"बघितलं नाही, वहिनी," तो म्हणाला.